विहारातला संगणक आणि माझी चूक

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची वाट दाखवली. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला आमच्या चेंबूरच्या वस्तीतल्या विहारात सायंकाळची वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मुले मागच्या अभ्यासिकेत जाऊन बसली. थोड्या वेळाने बारावीतली एक मुलगी बाहेर आली आणि मला म्हणाली, "काका, कॉम्प्युटरवर नोटीस आलीय. विंडोज दहाचा सपोर्ट आज संपला म्हणतोय."

मी जन्मभर वायरमनचे काम केले. सपोर्ट म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळले नाही. मुलीने समजावले. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ला मिळणारी फुकट सुरक्षा दुरुस्ती त्या दिवसापासून थांबली. संगणक बंद पडणार नव्हता, पण त्याला पडलेली भोके यापुढे कोणी बुजवणार नव्हते. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण ते आजचे मरण उद्यावर ढकलणे झाले. विंडोज ११ घालावे, तर त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. म्हणजे संगणक चालता-बोलता असून दारात उभे करायचे नाही, असा प्रकार.

हा संगणक काही दुकानातून खोक्यात बांधून आलेला नाही. लॅमिंग्टन रोडवर चार फेऱ्या मारून मी तो एक एक सुटा भाग घेऊन जमवला आहे. मदरबोर्ड जुना, प्रोसेसर जुना, रॅम ४ जीबी, १२० जीबीची एसएसडी तेवढी नवी. कॅबिनेट एका ऑफिसने काढून टाकलेले. विहाराला स्वतःचे इंटरनेट नाही. ते माझ्या घरी आहे आणि घर गल्लीच्या पलीकडे. वायर ओढली तर पहिल्याच गणपतीत मंडपवाल्यांनी ती तोडली. म्हणून वायफायचे कार्ड घेतले. नवे कार्ड परवडेना, तेव्हा एकाने जुन्या लॅपटॉपमधून काढलेले ब्रॉडकॉमचे छोटे कार्ड ॲडाप्टरवर बसवून साडेतीनशे रुपयांत दिले. विंडोजवर ते बिनतक्रार चालले. त्या एका संगणकावर वस्तीतल्या किती मुलांनी प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे फॉर्म भरले, याची मोजदाद नाही.

नोटीस आल्यावर समितीत चर्चा झाली. कोणी म्हणाले, भंगारात द्या, वर्गणी काढून नवा घेऊ. आमच्याकडे वर्गणीचे पैसे होते, पण ते गरजू मुलांच्या फीसाठी बाजूला काढलेले. माझी थोरली मुलगी एका खाजगी कंपनीत संगणकाचेच काम करते. ती म्हणाली, "पप्पा, यंत्र चांगलं आहे. त्यावर लिनक्स घालू."

लिनक्स काय आहे ते थोडक्यात सांगतो. फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, संगणकाचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. त्याचे पैसे पडत नाहीत आणि आत काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते. त्यावर उभ्या राहिलेल्या अनेक प्रणाली आहेत. मुलीने लिनक्स मिंट २२ निवडले आणि त्यातली हलकी आवृत्ती एका रविवारी बसवली. मी बाजूला खुर्ची टाकून बघत होतो. अभ्यासिकेत नेहमी येणारा एक पोरगाही बघत होता. दहावीला दोन विषय राहिलेले, आई चार घरची धुणीभांडी करते. पण यंत्राची आवड मोठी.

नवी प्रणाली बसली, पण वायफाय दिसेना. मुलगी हसून म्हणाली, "मला अंदाज होताच." तिने फोन आणि संगणक यूएसबीच्या वायरने जोडले, फोनमधली यूएसबी टेदरिंगची कळ दाबली आणि फोनचे इंटरनेट संगणकाला मिळाले. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उतरवला. संगणक बंद करून चालू केला, तर वायफाय हजर. मी मान डोलावली. डोळ्यांनी सगळे पाहिले, पण शिकलो काहीच नाही. पोरगा मात्र वहीत लिहून घेत होता. हे मला तेव्हा दिसले, पण लक्षात राहिले नाही.

पुढे सहा डिसेंबर आला. आम्ही सगळे चैत्यभूमीच्या सेवेत होतो. सोमवारी, ८ डिसेंबरला अभ्यासिका उघडली तर वायफाय गायब. राऊटरचे नाव दिसत नाही, वायफायची खूणही नाही. त्याच वेळी ती बारावीतली मुलगी तिच्या थोरल्या बहिणीला घेऊन आली. बहीण नर्सिंगला आहे. तिच्या कॉलेजने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म गुरुवारपर्यंत भरून मागितला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून ठराविक आकारात चढवायचे होते. फोनवर तिने दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा अर्ध्यावर अडकले.

मी विचारले, "कॉम्प्युटरला कोणी हात लावला होता?"

पोरगा पुढे आला. "काका, मी लावला होता. जागा संपली होती म्हणून मी फक्त..."

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "तू कार्ड हलवलंस. तोडलंस. कोणी सांगितलं होतं तुला? आजपासून तू याला हात लावू नकोस!"

सगळ्या मुलांसमोर बोललो. पोरगा काही न बोलता चप्पल घालून निघून गेला. मी पुठ्ठा घेतला, त्यावर 'कोणीही हात लावू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि संगणकावर अडकवले.

मंगळवारी कार्ड काढून रुमालात बांधले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने ते त्याच्या यंत्रात लावले. तिथे ते झटक्यात चालले. "कार्डाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुमचं मशीनच म्हातारं आहे. फेकून द्या." मी कार्ड परत रुमालात बांधले. गाडीत बसलो तेव्हा मशीन म्हातारे असल्याचे दुःख नव्हते. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. कार्ड धडधाकट होते आणि मी पोरावर ते तोडल्याचा आळ घेतला होता.

वाचकहो, इथे मला मागचे थोडे सांगावे लागेल. १९८४ साली मी आयटीआय करून एका कारखान्यात शिकाऊ वायरमन म्हणून लागलो. मोठ्या पॅनेलजवळ बाकीच्या शिकाऊ पोरांना उभे करायचे आणि मला पान्हे पुसायला बसवायचे. एकदा मी पॅनेलचे झाकण उघडायला गेलो तर साहेब ओरडला, "तू हात लावू नकोस." मला वाटले विजेचा धोका म्हणून सांगतो. मग दुपारी पाण्याच्या माठाजवळही तोच शब्द ऐकला, आणि उलगडा झाला. पुढे एका जुन्या वायरमनने मला रात्रपाळीत जवळ घेऊन पॅनेल शिकवले, म्हणून मी माणसांत आलो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते, हे मला त्या वायरमननेच सांगितले. विजेच्या कामाकडे मी तेव्हापासून अभिमानाने पाहू लागलो. आणि आज चाळीस वर्षांनी तोच शब्द माझ्या तोंडून निघाला होता. तोही विहारात, बुद्धाच्या मूर्तीपासून दहा पावलांवर.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती शिवणयंत्रावर बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "पोराचं म्हणणं पूर्ण ऐकलंत का?" मी म्हणालो, नाही. "मग आधी ते ऐका. कार्डाचं नंतर बघा."

बुधवारी संध्याकाळी मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई नुकती कामावरून आली होती. मला पाहून ती घाबरली. "दादा, ह्याने लई नुकसान केलं का? मी महिन्या-महिन्याने भरून देईन." वाचकहो, माझी मान खाली गेली. मी म्हणालो, "ताई, नुकसान माझ्या हातून झालंय. मी माफी मागायला आलोय." पोराला म्हणालो, "बाळा, सोमवारी तू काय सांगत होतास ते आता सांग. मी मध्ये बोलणार नाही."

त्याने पिशवीतून वही काढली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी अभ्यासाची भाषणे भरभरून उतरवली होती आणि एसएसडी काठोकाठ भरली होती. त्याने जागा करायची ठरवली आणि जे जे काढून टाकले ते तारखेसह वहीत लिहून ठेवले. त्या यादीत एक ओळ होती, लिनक्स हेडर्स. "काका, ते कशाला लागतं ते मला कळलं नाही. वापरात दिसत नव्हतं म्हणून काढलं. तेव्हा वायफाय चालू होतं. नंतर अपडेट आलं, मी ते केलं, आणि पुढच्या वेळी चालू केलं तेव्हा गेलं."

मी त्याला घेऊन विहारात आलो. पुठ्ठा काढून ठेवला, कार्ड परत बसवले आणि मुलीला फोन लावला. पुढचे दोन तास तिने फोनवर सांगायचे, पोराने करायचे आणि मी बघायचे, असे चालले. या वेळी मी शिकण्यासाठी बघत होतो.

घरात दिवा लागत नसेल तर वायरमन पहिल्याच झटक्यात भिंत फोडत नाही. आधी मीटरपर्यंत लाईन आली का बघतो, मग कटआऊट, मग स्विच, मग होल्डर, शेवटी बल्ब. इथेही तसेच निघाले. पहिली पायरी, संगणकाला कार्ड दिसते का. पोराने एक आज्ञा दिली, त्याबरोबर जोडलेल्या सगळ्या भागांची यादी आली आणि त्यात ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ असे नाव होते. म्हणजे लाईन मीटरपर्यंत होती. दुसरी पायरी, मुलीने सांगितले, "चालू होताना शिफ्टची कळ दाबून ठेवा आणि जुन्या कर्नलवर जा." कर्नल म्हणजे तो गाभा. अपडेटमध्ये नवा आला तरी जुना मागे राहतो. जुन्यावर गेलो आणि काय आश्चर्य, वायफाय चालू! म्हणजे कार्ड चांगले, अँटेना चांगली, राऊटर चांगला. बिघाड नव्या गाभ्याशी जोडणाऱ्या दुव्यात होता. तिसरी पायरी, डीकेएमएस नावाच्या साधनाला विचारले की वायफायचा ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी तयार आहे. उत्तर आले, फक्त जुन्यासाठी.

मुलीने कारण समजावले, पण माझ्या डोक्यात ते शिरेना. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने ऐकले आणि म्हणाली, "अहो, यात काय अवघड आहे? कर्नल म्हणजे अंग. ड्रायव्हर म्हणजे त्या अंगावर बसणारा ब्लाऊज. अंग बदललं की नवीन शिवावा लागतो. ते डीकेएमएस म्हणजे शिंपी. आणि हेडर म्हणजे मापाची वही. मापाची वहीच फेकून दिलीत तर शिंपी काय शिवणार?"

फोनवर माझी मुलगी मोठ्याने हसली. "आई, कंपनीत मलासुद्धा इतकं सोपं करून सांगता येत नाही."

अगदी तेच झाले होते. बहुतेक वायफाय कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे गाभा बदलला की तेही बरोबर बदलतात. ब्रॉडकॉमने २०१० साली काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण आमची चिप त्यात बसत नाही. तिला लागणारा ड्रायव्हर बंद डब्यासारखा आहे आणि गाभ्याच्या बाहेर राहतो. त्याची मूळ आवृत्ती २०१५ सालची. नव्या गाभ्याशी जुळावा म्हणून जगातले स्वयंसेवक आणि प्रणाली बनवणारे लोक त्याला ठिगळे लावून देतात, आणि डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी तो पुन्हा शिवतो. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर लागतात. आमच्याकडे अपडेटने नवा कर्नल आणला, हेडर आले नाहीत, शिंपी हात चोळत बसला.

उपाय कारणातच होता. पोराने पुन्हा नव्या कर्नलवर संगणक चालू केला. इंटरनेटसाठी काय करायचे, असे मी विचारायच्या आत त्याने माझा फोन घेतला, वायर लावली आणि यूएसबी टेदरिंग चालू केले. ऑक्टोबरमध्ये एकदाच पाहिलेले त्याच्या वहीत लिहिलेले होते. जागा व्हावी म्हणून आधी भाषणांच्या दोन जुन्या फाईली पेनड्राईव्हवर हलवल्या. मग हेडरचे मुख्य पॅकेज उतरवले. ते मुख्य पॅकेज ठेवले की पुढच्या प्रत्येक कर्नलचे हेडर आपोआप येत राहतात. ते बसताच शिंप्याने काम सुरू केले, पडद्यावर ओळी सरकल्या आणि पुन्हा विचारल्यावर नव्या कर्नलसमोरही ड्रायव्हर तयार असल्याचे दिसले. संगणक बंद करून चालू केला. कोपऱ्यात वायफायची खूण आली. फोनची वायर काढली तरी इंटरनेट चालूच राहिले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

गुरुवारी सकाळी ती नर्सिंगची मुलगी आली. दाखले स्कॅन झाले, आकार कमी केले, फॉर्म भरला गेला, पावती छापून निघाली. संगणकावर तिच्या शेजारी तो पोरगाच बसला होता. मी बाहेर बाकावर होतो.

भगवान बुद्धांनी दुःख सांगितले तेव्हा लगेच त्याचे कारणही सांगितले. कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि त्याला मार्ग आहे. आपण हे दर रविवारी ऐकतो. पण घरात, विहारात काही बिघडले की आपण कारण शोधायचे सोडून गुन्हेगार शोधतो. मी तेच केले. बिघाड त्या पोराच्या हातून झाला हे खरेच होते. पण त्याचे कारण त्याच्या वहीत लिहिलेले होते, आणि मी ती वही उघडूच दिली नाही. ऐकले असते तर दोन दिवस वाचले असते आणि एका आईला महिन्या-महिन्याने पैसे भरायची भाषा करावी लागली नसती.

ज्यांच्या विहारात, अभ्यासिकेत किंवा घरी असा जुना, जमवलेला संगणक असेल त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातले चार शब्द सांगतो. संगणक जुना झाला म्हणजे निकामी झाला असे नाही, लिनक्स घालून बघावे. वायफाय कार्ड नवे घेणार असाल तर आधी त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहे का ते विचारावे. इंटेल आणि ॲथेरॉसची बरीचशी कार्डे अशी आहेत, त्यांना शिंपी लागत नाही. आमचे कार्डही पुढेमागे बदलावे लागेल, पण बिघाड समजल्यावर. आमच्यासारखे कार्ड असेल तर हेडर कधी काढू नयेत, आणि नव्या कर्नलवर सगळे चालते हे दिसेपर्यंत जुना कर्नल ठेवावा. संगणक नवीन पद्धतीचा असून त्यात सिक्युअर बूट चालू असेल, तर बाहेरच्या ड्रायव्हरला आधी मान्यता द्यावी लागते, नाहीतर तो तयार असूनही चालत नाही. यूएसबीची एक वायर संगणकाजवळ कायम ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, एक वही ठेवावी. काय घातले, काय काढले, कोणत्या तारखेला, हे लिहावे. ती वही नसती तर आम्हाला कारण शोधायला किती दिवस लागले असते कोण जाणे.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर सगळ्या मुलांसमोर मी त्या पोराची पुन्हा माफी मागितली. आळ सगळ्यांसमोर घेतला होता, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. तो लाजून म्हणाला, "काका, राहू द्या ना." आता त्याने राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म भरला आहे आणि पास झाल्यावर आयटीआयला जायचे म्हणतो. कोणता ट्रेड, ते त्याचे त्याने ठरवावे.

तो पुठ्ठा मी फेकला नाही. उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पोराकडून नवीन ओळ लिहून घेतली. आज विहारातल्या संगणकावर ती लटकते आहे: 'हात लावा, पण वहीत लिहा.'

सर्व धम्मबांधवांना आणि भगिनींना सप्रेम जयभीम.